माळरानापासून मांडवीपर्यंत : डॉ. सलीम अली यांची पक्षीयात्रा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ‘शिंदे की छावनी’ ही वस्ती आपल्या नावातच इतिहास जपून आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी सैन्याचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. सैन्यामागोमाग आलेल्या मराठी कुटुंबांनी तेथे पिढ्यानपिढ्या घरे केली. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात याच ग्वाल्हेर संस्थानात आणखी एक फिरस्ता दाखल झाला. त्याची मोहीम मात्र वेगळी होती. दुर्बीण आणि वही घेऊन तो ग्वाल्हेर, इंदूर व भोपाळ संस्थानांतील पक्ष्यांची नोंद करीत हिंडत होता. गोव्यातील चोडण बेटावरच्या अभयारण्याला आज ज्यांचे नाव आहे, ते हे डॉ. सलीम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सलीम हे दहा भावंडांतले धाकटे. वर्षभराचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे ते वाढले. मामा शिकारीचे शौकीन होते आणि भाच्याच्या हाती छर्ऱ्याची बंदूक होती. एके दिवशी त्या बंदुकीने टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणती, हे घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहातील पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे त्या मुलासमोर उघडले. मुलाच्या कुतूहलाला वडीलधाऱ्यांनी दिलेली ही दाद त्यांच्या आयुष्याला दिशा देणारी ठरली.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण मध्येच सुटले आणि ब्रह्मदेशात कुटुंबाचा व्यवसाय सांभाळण्यासाठी जावे लागले. तेथेही व्यवसायापेक्षा जंगलच अधिक आपलेसे वाटले. १९१८ साली तेहमिना बेगम यांच्याशी विवाह झाला. व्यवसाय बुडाला. पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र विभागाचे दार बंद राहिले. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची जागा मिळाली, तेव्हा थोडी स्थिरता आली. त्यानंतर ते बर्लिनला गेले आणि प्रा. एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राची आधुनिक रीत शिकले. १९३० मध्ये परत आले तो पैशांअभावी ती जागाच रद्द झालेली.

बेकार झालेले हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली तासन्तास बसून ती न्याहाळत राहिले. नर अर्धवट घरटे विणून थांबतो, मादी ते पारखून पसंत करते, मगच तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी नोंदला. सुगरणीच्या घरट्याचे कौतुक कोकणात पूर्वापार होते. विणणारा नर असतो आणि निवड करणारी मादी, हे शास्त्राच्या भाषेत मांडण्याचे काम त्या बेकारीच्या दिवसांत झाले.

त्यानंतर संस्थानिकांच्या साहाय्याने हैदराबाद, कोचीन, त्रावणकोर आणि मध्य भारतातील संस्थानांच्या पाहण्या झाल्या. या भटकंतीत तेहमिना बेगम यांची साथ मोलाची होती. १९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. मूलबाळ नव्हते. सलीम अली यांनी बहिणीच्या घरी आश्रय घेतला आणि उरलेले आयुष्य पक्ष्यांच्या स्वाधीन केले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र इंग्रजी पुस्तक आले. सामान्य माणसाला खिडकीतून दिसणारा पक्षी नावाने ओळखता यावा, हा त्याचा हेतू होता आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत गेल्या. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा संदर्भग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातील सायलेंट व्हॅली वाचवण्याच्या कामी त्यांचा शब्द वजनदार ठरला. १९७६ मध्ये पद्मविभूषण लाभले. त्याच वर्षी रॉबर्ट ग्रब यांच्यासह गोव्यातील पक्ष्यांवरचा त्यांचा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात आला. वयाच्या नव्वदीत, १९८७ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर वर्षभरातच चोडणच्या खारफुटीला त्यांच्या नावाने अभयारण्याचा दर्जा मिळाला.

राष्ट्रीय पक्षी निवडण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांचा कौल माळढोकाला होता. मोराला तसे संरक्षण सर्वत्र होतेच. माळढोक मात्र माळरानाबरोबर संपत चालला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. पुढे १९८१ साली ग्वाल्हेर जिल्ह्यातील घाटीगाव आणि शेजारच्या शिवपुरीतील करैरा येथे माळढोकासाठी अभयारण्ये झाली. तरीही करैऱ्यातून तो पक्षी नाहीसा झाला. एकेकाळी तेथे काय होते, हे आज कळते ते जुन्या नोंदींमुळेच.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जाणारी कुटुंबे, निसर्ग शिबिरात प्रथमच दुर्बीण हाताळणारी मुले हे या परंपरेचेच वारसदार आहेत. खारफुटीतला धीवर, चिखलातले तुतवार, ओहोटीच्या कडेला ध्यानस्थ उभा बगळा यांची तारीख, वेळ आणि जागेसह केलेली साधी नोंद पुढच्या पिढीला उपयोगी पडेल. खेतवाडीतल्या मुलाचा प्रश्न मामांनी उडवून लावला असता, तर भारतीय पक्षिशास्त्र किती गोष्टींना मुकले असते! मांडवीच्या काठी एखादे मूल पक्ष्याचे नाव विचारील, तेव्हा उत्तर ठाऊक नसलेल्या आईवडिलांनाही पुस्तक उघडून त्याच्यासोबत शोध घेता येईल.