चालुक्य सोमेश्वर : शिकारीपासून निखाऱ्यापर्यंत

बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळच्या बालाघाट डोंगरात मांजरा नदी उगम पावते आणि पुढे बिदरच्या मुलखात शिरते. बाराव्या शतकात या साऱ्या प्रदेशावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. बीडमधील धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर त्याच चालुक्य काळाची साक्ष देत उभे आहे. या घराण्यातील तिसरा सोमेश्वर आज स्मरणात आहे तो मात्र मंदिरांमुळे किंवा लढायांमुळे नव्हे, तर शिकार, मासेमारी आणि पाककलेची बारकाईने नोंद करणारा राजा म्हणून.

सहावा विक्रमादित्य हा त्याचा पिता. सुमारे अर्धशतकाच्या पराक्रमी कारकीर्दीनंतर त्याने विस्तीर्ण साम्राज्य मागे ठेवले आणि ११२६च्या सुमारास सोमेश्वर गादीवर आला. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञ ही त्याची बिरुदे. यांतले दुसरे त्याला अधिक शोभले. ११२९ साली सिद्ध झालेला ‘मानसोल्लास’ अर्थात ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ त्याच्या नावावर आहे. वीस अध्यायांची एक विंशती, अशा पाच विंशतींत राज्यकारभारापासून संगीतापर्यंतचे विषय त्यात आले आहेत. गीतांच्या प्रकरणातील मराठी ओळींमुळे मराठीच्या आरंभकाळाचा अभ्यास करणाऱ्यांनाही हा ग्रंथ मोलाचा वाटतो.

प्राचीन राजनीतीने मृगया हे राजाचे व्यसन मानले होते. सोमेश्वराने तिला विनोदांत, म्हणजे राजाच्या मनोरंजनात, स्थान दिले आणि तिचे शास्त्र मांडले. मत्स्यविनोदात समुद्रातले व गोड्या पाण्यातले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे सुमारे ३५ प्रकारचे मासे येतात. कोणत्या माशाला कोणते आमिष चालते, गळ व दोरी कशी असावी, हेही तेथे सांगितले आहे.

शिकार हाती आल्यावर पुढचे काम अग्नीचे. रानडुकराच्या अंगावर कापड पसरून कढत पाणी ओतावे, म्हणजे केस सहज निघतात. किंवा माती लिंपून वर गवत पेटवावे. मग ते विस्तवावर भाजावे. मसाला लावलेले मांसाचे तुकडे सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजण्याचा ‘भडित्रक’ हा प्रकार आजच्या कबाबाचा पूर्वज म्हणता येईल. काळजाचे सुपारीएवढे तुकडे आधी निखाऱ्यावर भाजायचे, मग तेलात परतायचे. मोठ्या माशांचे तुकडे मीठ लावून मडक्यात साठवावेत आणि लागतील तसे विस्तवावर भाजावेत, असेही तो सांगतो. नदीकाठच्या व शेतातल्या काळ्या उंदरांनासुद्धा या राजग्रंथात जागा आहे. लोखंडी सळईवर ते भाजून मीठ-मसाला लावण्याची कृती वाचली की, राजाच्या पंगतीत गरिबाचे अन्नही येत होते, हे ध्यानात येते.

याच ग्रंथात मंडक, धोसक आणि इड्डरिका हे पदार्थही आहेत. मांडे, डोसा आणि इडली यांचा इतिहास शोधणारे येथवर येतात.

राज्याच्या दृष्टीने मात्र हा काळ उतरणीचा होता. होयसळ विष्णुवर्धनासारखे मांडलिक डोके वर काढू लागले. ११३८ साली सोमेश्वर निवर्तला आणि त्यानंतर सुमारे दोन दशकांतच कलचुरी बिज्जलाने कल्याणीवर ताबा मिळवला. पित्याने तलवारीवर उभे केलेले वैभव पुत्राच्या पिढ्यांना सांभाळता आले नाही. ‘मानसोल्लास’ मात्र पोथ्यांतून टिकला आणि १९२५पासून बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध होऊ लागला.

त्यातल्या पाककृतींचे रानही आता तसे राहिलेले नाही. हरीण, रानडुक्कर यांसारख्या प्राण्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले, तर पाटोदा तालुक्यातील नायगाव हे मोरांचे अभयारण्य झाले. सोमेश्वराची मृगया आता ग्रंथापुरती उरली आहे, आणि ते योग्यच आहे. उघड्या विस्तवावर भाजण्याची चव मात्र मराठवाड्याने सोडलेली नाही. हिवाळ्यात शेताच्या बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटते, ज्वारीची कणसे त्यात खुपसली जातात आणि चोळलेला गरम हुरडा हातोहात संपतो.