टेलरचे घड्याळ आणि कामगाराचा वाटा

कारखान्यातील एखादे काम किती वेळात व्हावे, हे कोणी ठरवावयाचे? या एका प्रश्नापायी फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकन अभियंत्याने आपले आयुष्य वेचले. उत्पादनाचे नियोजन, कामाचे मोजमाप आणि त्यावरून ठरणारे वेतन या आज रूढ झालेल्या गोष्टींच्या मुळाशी त्याचे नाव आहे. कामगार चळवळीने त्याच्याइतका तिटकारा क्वचितच दुसऱ्या एखाद्या अभियंत्याचा केला असेल, आणि तो तिटकारा अगदीच अकारण नव्हता.

टेलरचा जन्म २० मार्च १८५६ रोजी फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात, एका सुखवस्तू कुटुंबात झाला. हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊनही दृष्टीच्या तक्रारीमुळे तो तिकडे गेला नाही. पंपांच्या एका कारखान्यात उमेदवारी करू लागला. १८७८ मध्ये मिडव्हेलच्या पोलाद कारखान्यात तो साधा मजूर म्हणून शिरला आणि लेथ चालविता चालविता टोळीचा मुकादम झाला. (१८८१ साली टेनिसच्या दुहेरीत अमेरिकेचे अजिंक्यपद पटकावणाऱ्या जोडीतला एक तो हाच. जोडीदाराशी जुळवून घेणे त्याला कारखान्यापेक्षा मैदानावर सोपे गेले असावे.)

स्वतः लेथवर उभे राहिल्यामुळे कामगार जाणूनबुजून संथ काम करतात, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याचे कारणही त्याने ओळखले होते. मजुरी नगावर मिळे. पण कोणी जास्त नग काढून चार पैसे अधिक मिळवू लागला, की मालक नगाचा दरच उतरवी. म्हणजे घाम दुप्पट आणि पदरात पूर्वीइतकेच. अशा स्थितीत हात आखडता घेणे हा आळस नव्हता, ते अनुभवाने शिकविलेले शहाणपण होते. टेलरचे खरे मोठेपण येथे आहे. मालकाला दिवसाचे वाजवी काम किती हे माहीत नसते, म्हणून तो अंदाजाने दर बांधतो आणि पुढे मोडतो, असे त्याचे निदान होते. काम मोजावे, दर एकदाच ठरवावा आणि मग त्याला हात लावू नये, हा त्यावरचा त्याचा उपाय.

मोजमापाच्या या ध्यासातूनच १८८० च्या सुमारास धातू कातण्याचे त्याचे प्रयोग सुरू झाले. ते काही महिन्यांत आटोपतील अशी अपेक्षा होती. चालले मात्र २६ वर्षे. हत्याराचा आकार, कापाची खोली, यंत्राची गती, धातूचा कठीणपणा अशी १२ चले एकमेकांत गुंतलेली. त्यांचे गणित सोडविण्यासाठी कार्ल बार्थ या सहकाऱ्याने खास स्लाइड रूल तयार केले. माँसेल व्हाइट याच्यासह टेलरने हत्याराच्या पोलादावर उष्णतेची नवी प्रक्रिया शोधून काढली. टोक लाल झाले तरी कातत राहणारी ही हत्यारे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. प्रत्येक कामाची रीत व वेळ आधीच ठरवून कामगाराच्या हाती सूचनापत्रिका देणारा नियोजन विभाग ही त्याचीच कल्पना. याच कल्पनेत पुढच्या कलहाचे बीज होते. लेथवरच्या माणसाचे पिढीजात कसब तक्त्यांत उतरले. विचार करणारे कचेरीत बसले आणि कामगाराकडे केवळ हात उरले.

१८९८ ते १९०१ या काळात बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात त्याने फावडेही मोजले. एका वेळी सुमारे २१ पौंड माल उचलला तर दिवसाचे काम सर्वांत जास्त होते, असे आढळल्यावर कोळशाला मोठी आणि खनिजाला लहान अशी निरनिराळी फावडी आली. कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुराचे रोजचे काम १२.५ टनांवरून ४७.५ टनांवर आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर गेली, असे त्याने अभिमानाने लिहून ठेवले. पुढे संशोधकांनी या हकिकतीतील अनेक तपशील संशयास्पद ठरविले. पण ते आकडे जसेच्या तसे मानले तरी काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक, एवढाच हिशेब निघतो. या वाटणीत मजुराला विचारण्याची गरज टेलरला कधी भासली नाही. शास्त्राने आकडा दिला, मग वाटाघाट कशाची, अशी त्याची धारणा होती. वेळ मोजता येतो हे खरे. पण वाजवी काय हे घड्याळ सांगत नाही. त्यातच अनेक मालकांनी त्याचे घड्याळ तेवढे उचलले आणि दर न उतरविण्याची अट सोयीस्करपणे विसरून गेले.

ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ओतशाळेतील साचेकार स्टॉपवॉचविरुद्ध काम सोडून बाहेर पडले. त्याच वर्षी टेलरचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. १९१२ च्या आरंभी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्याची दीर्घ साक्ष झाली. आपली पद्धती मालक व मजूर यांच्या मनोवृत्तीत क्रांती घडविण्यासाठी आहे, असे तो तेथे कळकळीने सांगत राहिला. त्यात दांभिकपणा नव्हता. मार्च १९१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने लष्करी खर्चाच्या कायद्यात कलम घालून शस्त्रागारांतील स्टॉपवॉचला मनाई केली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला, एकोणसाठावा वाढदिवस उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी, न्यूमोनियाने टेलरचा मृत्यू झाला.