बाळू पालवणकर : मैदान झाडणारा गोलंदाज



आपल्या धर्मग्रामातला एक मुलगा पुण्यातल्या कॉलेजात दाखल झाला आणि पहिल्याच आठवड्यात फुटबॉल संघाच्या निवडीला जाऊन उभा राहिला. त्याला कोणी बोलावले नव्हते. हातात प्रमाणपत्र नाही, ओळखीचे कोणी सर नाहीत. पहिले काही दिवस त्याला गोलच्या मागे उभे करून बाहेर गेलेले चेंडू आणायला लावले. रविवारी मिस्सा आटोपल्यावर तो हे सांगत होता, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्या वेळी आम्हाला काही बोलायला सुचले नाही. घरी आल्यावर मात्र बाळू पालवणकर आठवले. तेही असेच चेंडू आणण्यापासून सुरू झाले होते, आणि तेही इथेच, भुकूमहून पौड रस्त्याने गेले की लागणाऱ्या पुण्यात.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातले, जात चर्मकार. वडील लष्करात चाकरीला होते, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीत गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू आणि त्यांचे भाऊ क्रिकेट शिकले. पुढे बाळूंना पारशी मंडळींच्या एका क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना वाटले तर त्यांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार वाढला, काम तेच राहिले. जाळी बांधायची, रेघा आखायच्या, चेंडू टाकायचे.

त्या काळी नेटमध्ये फलंदाजी साहेबाने करायची आणि घाम नोकराने गाळायचा, अशी रीत होती. बाळूंच्या हाती तिथे बॅट कधी आली नाही. पण डाव्या हाताने संथ, वळणारा चेंडू ते तासन् तास टाकत राहिले. क्लबातला सर्वांत चांगला फलंदाज होता कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजी करायला लावी. बाद केल्यावर तो दर वेळी आठ आणे देत असे, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, अशा फलंदाजासमोर रोज टाकलेल्या शेकडो चेंडूंनी बाळूंचा हात तयार झाला. कोणत्याही शिक्षकाने तो तयार केला नव्हता.

त्याच सुमारास पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना साहेबांच्या संघाला हरवायचे होते. साहेबांच्याच मैदानावर राबणारा हा गोलंदाज त्यांना ठाऊक होता. पण त्याला संघात घ्यायचे म्हटल्यावर फूट पडली. तेलुगू खेळाडू म्हणाले, घ्या. काही मराठी ब्राह्मण खेळाडूंनी विरोध केला. शेवटी ग्रेगने वर्तमानपत्रातून सांगितले, की अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. एका साहेबाने सांगावे आणि मग आपल्यांना पटावे, हे वाचताना आम्हाला कसेसेच होते. पण बाळू संघात आले.

संघात आले म्हणजे पंक्तीत आले असे नव्हे. चेंडूला स्पर्श चालत होता, कपाला नाही. चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून पीत, बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळे. हातपाय धुवायचे तर पाणी घालायलाही दलित नोकरच हवा. मैदानात हेच लोक त्यांनी घेतलेल्या बळींसाठी टाळ्या वाजवत. आपल्या धर्मग्रामातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना खेड्यातला तो वेगळा ठेवलेला कप आठवत असेल. आपल्या ख्रिस्तसभेत असे कधी झालेच नाही, असे म्हणायला आमचीही जीभ धजत नाही.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्याची गोष्ट मजेदार आहे. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. तरी बाळूंनी 7 बळी घेतले. ज्याने उमेदीची वर्षे रोलर ओढण्यात घालवली, त्याला रोलरने काय अडवणार! यानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांचे कौतुक केले आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत, असा सवाल सहखेळाडूंपुढे ठेवला.

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. रेल्वेत नोकरी मिळाली, हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही मिळाली, अर्थात तिथेही कुरबुरी झाल्यावरच. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही त्यात होते. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र त्या एका दौऱ्यात 114 बळी घेतले, सरासरी 18.84. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्यांचे मानपत्र लिहिले होते एका कॉलेजातल्या तरुणाने. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

इतके होऊनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. हा मान त्यांचा होता, हे 1913 मध्ये कर्णधार झालेल्या पै यांनीच जाहीरपणे सांगितले, पण निवड करणाऱ्यांनी ऐकले नाही. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळले आणि धाकटे भाऊ विठ्ठल यांचाही कर्णधारपदाचा हक्क डावलला. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला. जातीमुळे अन्याय होतो आहे, हे त्यांनी उघडपणे लिहून कळवले. हे धाडस आम्हाला 114 बळींइतकेच मोठे वाटते. त्याचा परिणाम झाला. पुढच्या सामन्यात तिघेही परतले, बाळू उपकर्णधार झाले आणि पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेल्यामुळे थोडा वेळ का होईना, संघ बाळूंनी चालवला. तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

पुढे बाळू राजकारणात गेले. 24 सप्टेंबर 1932 रोजी येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे उभे राहिले, आणि समोर होते मानपत्र लिहिणारे तेच आंबेडकर. आंबेडकरांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. त्यांनी त्या निवडणुकीला उभे राहावे की नाही, यावर आजही वाद होतात. आम्हाला वाटते, नसते राहिले तर बरे झाले असते. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

जाता जाता एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक आहे. तो कॅप्टन ग्रेग पुढे कर्नल झाला, लष्करातून निवृत्त होऊन इंग्लंडला परतला आणि उतारवयात कॅथलिक धर्मगुरू झाला. कॅनन ग्रेग म्हणून त्याने वेदीवर सेवा केली आणि बाळूंनंतर तीन वर्षांनी, 1958 मध्ये, तो वारला.

आपला तो मुलगा अजूनही रोज मैदानावर जातो. येत्या शनिवारी कॉलेजात सरावाचा सामना आहे, एक खेळाडू कमी पडतो आहे, आणि त्याला बूट घेऊन यायला सांगितले आहे.