सर्पगंधेचे डॉक्टर

आमच्या भिवंडीत यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालू असते. पाहुण्यांना झोप लागत नाही. आम्हाला मात्र ती थांबली की धस्स होतं. माग बंद म्हणजे कुणाच्या तरी घरची चूल अडणार. महिला मंडळात बायका बोलतात त्या याच टेन्शनबद्दल. मध्यंतरी एक जण सांगत होती, की सकाळी उठावंसंच वाटत नाही, पोरांवर उगाच ओरडते आणि मग रडत बसते. घरचे म्हणतात, हिचं मनच खंबीर नाही. ते ऐकलं आणि मला डॉ. रुस्तम जाल वकील आठवले.

मैत्रिणींनो, डॉ. वकील हे मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. जन्म १९११ सालचा. परदेशी शिकून ते मायदेशी परतले आणि के.ई.एम. रुग्णालयात काम करू लागले. त्या काळी रक्तदाबावर म्हणावं असं औषधच नव्हतं. आपल्याकडचे वैद्य मात्र झोप न येणाऱ्याला, डोकं भडकलेल्याला सर्पगंधेचं मूळ देत आले होते. या मुळीने रक्तदाब उतरतो, असं १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहून ठेवलं होतं. पण जग विश्वास ठेवणार कसं? डॉ. वकिलांनी पन्नास रुग्णांना ही मुळी देऊन नीट नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये त्या ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात छापून आणल्या. त्या वाचून अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनीही औषध वापरून पाहिलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला गेला, तो रिसर्पिन. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं.

खरी गोष्ट पुढेच आहे. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. घरात काही वाईट घडलं नव्हतं, तरी जगण्यात राम वाटेना. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की या औषधाने सिरोटोनिनसारखी रसायनं कमी होतात. मेंदूतल्या पेशी ही रसायनं डब्यात भरून ठेवतात, म्हणा ना. रिसर्पिन डबा भरूच देत नाही. बाहेर सांडलेलं वाया जातं, आणि निरोप द्यायची वेळ आली की डबा रिकामा! मनाच्या दुखण्यात मेंदूच्या रसायनांचाही हात असावा, हा विचार यातून बळावला आणि उदासीवरच्या औषधांच्या संशोधनाला जोर आला.

पुढे कळलं, की प्रकरण इतकं सोपं नाही. रिसर्पिन घेणारे सगळेच उदास होत नव्हते आणि एकट्या सिरोटोनिनवर सगळं खापर फोडता येत नाही. ताण आला की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. संकट टळलं की ते उतरायला हवं. पण रोजचीच विवंचना असली की ते हवं तसं उतरत नाही, झोप उडते, मेंदूचा तोल ढळतो. आनुवंशिकता, लहानपणचे घाव, घरचा आधार, असं सगळं त्यात मिसळतं. म्हणून एकाच घरातल्या दोन जावांना सारखाच ताण सारखा बाधत नाही. यात खंबीरपणाचा प्रश्न येतोच कुठे?

डॉ. वकील १९७४ मध्ये गेले. त्यांची धडपड हृदयासाठी होती, पण त्या मुळीने मनाचंही दार किलकिलं केलं.

एक मात्र सांगते. झाडपाला म्हणून सर्पगंधेचं चूर्ण आपल्या मनाने घेऊ नका आणि चालू गोळ्याही परस्पर बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, तर डॉक्टरांना गाठा. सरकारची टेलिमानस ही फुकट हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका.

आमच्या मंडळातली ती मैत्रीण डॉक्टरांकडे जाऊन आली. सोबत कोण गेलं होतं माहीत आहे? तिच्या सासूबाई!