'लिबर्टी' खरवडून स्वतःचं नाव ठेवणारा बर्ट

बर्ट वीगंड हा अमेरिकेतला 'होबो', म्हणजे मालगाड्यांतून चोरून फिरणारा आणि मिळेल ते काम करणारा भटका. १९१३ साली तिथं पाच सेंटचं नवं नाणं आलं. त्यावरचा मूळ अमेरिकन माणसाचा चेहरा चांगला मोठा, कोरायला सोयीचा. होबो त्याला दाढी फोडायचे, टोपी चढवायचे आणि एखाद्या जेवणावर ते नाणं देऊन टाकायचे. बर्टची सही मात्र भन्नाट! नाण्यावरच्या 'लिबर्टी' या इंग्रजी शब्दाची पहिली दोन आणि शेवटचं अक्षर तो खरवडून टाकायचा. उरायचं 'बर्ट'. बो ह्यूज या तरुण कृष्णवर्णीय होबोला ही कला त्यानंच शिकवली. बर्ट १९४९ साली गेला. आता अशी काही नाणी लिलावात हजारो डॉलरला जातात, आणि बर्टचं काम ओळखायला संग्राहक आधी तीच चार अक्षरं शोधतात.