तांबं वाचलं, पण जहाज अडलं

हम्फ्री डेव्ही म्हटलं की खाणीतला सेफ्टी लॅम्प. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात मीही तेवढंच वाचलं होतं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत कॉरोजन आलं, तेव्हा हा माणूस पुन्हा भेटला आणि खरा आवडला.

१७७८ साली कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्सला जन्म. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते गेले तेव्हा हा जेमतेम सोळाचा. मग एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी. कॉलेज वगैरे काही नाही! तरी १८०७ मध्ये त्याने विजेच्या साहाय्याने पोटॅशियम आणि सोडियम वेगळे काढले आणि १८२० मध्ये रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

१८२३ मध्ये ब्रिटिश नौदलाने त्याच्यापुढे एक दुखणं मांडलं. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकत, पण समुद्राचं पाणी तो पत्राच खायचं. लोक म्हणायचे, तांबं भेसळीचं. डेव्हीने दाखवलं की खरा चोर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. (बॉयलरच्या पाण्यात आपण सोडियम सल्फाइट टाकतो, ते याच चोरासाठी.) मग त्याने युक्ती काढली. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडायचा. तो झिजतो, तांबं वाचतं. तांब्याच्या क्षेत्रफळाच्या दीडशेव्या हिस्स्याइतका तुकडासुद्धा पुरायचा. १८२४ मध्ये जहाजांवर चाचण्या सुरू झाल्या. त्यातलं ‘समरंग’ हे जहाज तर आपल्या कोचीनला बांधलेलं!

तांबं वाचलं, पण भलतंच झालं. विरघळणारं तांबं शेवाळ-शिंपल्यांना विषासारखं होतं, ते मिळेनासं झालं. शिवाय संरक्षण जास्त झालं की तांब्याजवळचं पाणी अल्कलाइन होतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे थर बसतात. गीझरच्या कॉइलवर उष्णतेने बसतात ना, जवळपास तसेच. म्हणजे गंज थांबवायला गेला आणि स्केल पदरात पडलं. बुडाला शेवाळ-शिंपले चिकटून जहाजं संथ झाली, १८२५ मध्ये नौदलाने तुकडे काढायला लावले आणि लोकांनी टिंगल केली. मला तर वाटतं, त्याचं शास्त्र चुकलंच नव्हतं, फक्त ग्राहकाला दुसरंच काही हवं होतं. पुढच्याच वर्षी त्याला पक्षाघात झाला आणि १८२९ मध्ये जिनिव्हात, पन्नाशीत, तो गेला.

पुढे जहाजं पोलादाची झाली आणि जस्ताचे तुकडे परत आले. आज जमिनीखालच्या पाइपलाइनींनाही हीच पद्धत वापरतात. स्टोरेज गीझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो, तोही त्याच जातीचा. तो झिजला की बदलावा लागतो. आमच्या विंगमधला शेवटचा कधी बदलला, ते रेक्टर मॅडमना विचारायचं आहे.