रॉबर्ट शुमान: घाईत गमावलेला हात, आणि गिटार शिकताना तुम्ही घ्यायची काळजी

दिवाळीच्या सुट्टीत घरात गिटार आली. मोबाईलवर पाहून सराव सुरू झाला. दोन आठवडे मजेत गेले आणि मग एके दिवशी मुलगा म्हणाला, मनगट दुखतंय. अशा वेळी जळगाव-धुळ्याच्या घरांतून दोनच सल्ले मिळतात. एक, नवीन आहे, सवय होईल, वाजवत राहा. दुसरा, जमत नसेल तर सोडून दे. हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. का, ते समजण्यासाठी सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराची गोष्ट वाचा. त्यांचे वाद्य पियानो होते, पण हात तुमच्या-आमच्यासारखाच होता.

वकिली सोडून पियानोकडे

रॉबर्ट शुमान यांचा जन्म 8 जून 1810 रोजी जर्मनीतील झ्विकाऊ गावी झाला. वडील पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक होते. रॉबर्ट सोळा वर्षांचे असताना ते वारले. मुलाने वकील व्हावे, पोटापाण्याची सोय व्हावी, असे आईला वाटे. आपल्याकडेही आईवडिलांना हेच वाटते. त्यामुळे 1828 मध्ये ते कायदा शिकायला लाइपझिग शहरात गेले, पण मन पियानोतच होते.

1830 मध्ये त्यांनी पागानिनी या प्रसिद्ध व्हायोलिनवादकाची मैफल ऐकली आणि ठरवले की आपणही असेच मोठे वादक व्हायचे. फ्रीडरिश वीक हे नामांकित शिक्षक म्हणाले, नेमाने मेहनत केली तर तीन वर्षांत याला मोठा पियानोवादक करतो. आई तयार झाली. त्याच वर्षी शुमान वीक यांच्या घरी राहायला गेले.

तेव्हा ते वीस वर्षांचे होते. वीक यांची मुलगी क्लारा जेमतेम अकरा वर्षांची होती आणि तरीही ती उत्तम वाजवत होती. आपण उशिरा सुरुवात केली, आता भरून काढले पाहिजे, ही टोचणी शुमान यांना लागली असेल तर नवल नाही. मोठेपणी गिटार हाती घेणाऱ्या अनेकांना हीच टोचणी असते.

बोट ऐकेनासे झाले

शुमान तासन्‌तास सराव करू लागले. उजव्या हाताचे मधले बोट हवे तसे चालेना, म्हणून त्यांनी बोटे ताणून धरणारे एक यंत्रही वापरले. 1831-32 च्या सुमारास ते बोट आणखी कमजोर झाले. वाजवायला बसले की ते मनासारखे हलत नसे.

मग उपचारांची रांग लागली. विजेचे झटके घेतले, होमिओपॅथी केली. नुकत्याच कापलेल्या जनावराच्या पोटातील गरम आतड्यांमध्ये हात बुडवून ठेवण्याचा उपचारही केला. त्या काळी हा उपचार डॉक्टरच सुचवत. काहीही उपयोग झाला नाही. काही महिन्यांतच मोठा पियानोवादक होण्याचे स्वप्न संपले.

नेमके काय झाले होते, यावर डॉक्टरांमध्ये आजही मतभेद आहेत. कोणी यंत्राला दोष देतात, कोणी त्या काळच्या पाऱ्याच्या औषधांना. आजच्या अनेक तज्ज्ञांना मात्र हा फोकल डिस्टोनिया वाटतो. एकच हालचाल फार वेळा आणि ताणाखाली केली की काही जणांमध्ये मेंदूचे त्या बोटावरील नियंत्रण बिघडते. यात बहुधा दुखत नाही. बोट फक्त वाजवतानाच आपोआप वळते किंवा अडते, जेवताना किंवा लिहिताना ठीक असते. म्हणूनच रुग्ण त्याला आजार मानत नाही. सराव कमी पडतोय असे समजून तो आणखी सराव करतो आणि त्रास वाढतो.

तुमच्या हाताचे काय?

गिटार शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांना डिस्टोनिया होत नाही. त्यांना होतो तो अतिवापराचा त्रास, आणि तो वेळीच ओळखला तर बरा होतो. फरक असा ओळखा:

- पहिले काही आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोके तारांमुळे हुळहुळतात. हे स्वाभाविक आहे. कातडी घट्ट झाली की थांबते.
- मनगट, अंगठ्याचे मूळ किंवा कोपराखालचा भाग दुखणे स्वाभाविक नाही. हा स्नायूंच्या दोऱ्यांवर, म्हणजे टेंडनवर ताण आल्याचा इशारा आहे.
- अंगठा, तर्जनी व मधल्या बोटात मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, ही मनगटात नस दबल्याची (कार्पल टनेल) लक्षणे असू शकतात. मधुमेह, थायरॉइडचा आजार किंवा गर्भारपण असेल तर याची शक्यता वाढते.

त्रास होऊच नये म्हणून हे करा:

- सुरुवातीला 20 ते 25 मिनिटे वाजवा, मग पाच मिनिटे हात मोकळा सोडा. रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोज थोडे बरे.
- डावे मनगट शक्य तितके सरळ ठेवा. बसून वाजवतानाही पट्टा लावा, म्हणजे गिटारचा भार हातावर येत नाही.
- बोट पट्टीच्या अगदी जवळ टेकवा. तिथे कमी जोरात सूर स्वच्छ येतो. अंगठ्याने मान आवळू नका.
- तारा फळीपासून फार उंच असतील तर दुकानातून खाली करून घ्या. शिकण्यासाठी पातळ किंवा नायलॉनच्या तारा सोप्या. लहान मुलाला लहान मापाची गिटार द्या.
- एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे बार कॉर्ड सलग घोटू नका. दोन मिनिटे करा, सोडा, दुसरे काही वाजवा.
- खानदेशात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हात गारठतात. आधी कोमट पाण्यात हात धुवा आणि बोटे हलवून मोकळी करा.
- दिवसभराचे काम मोजा. कापूस वेचणे, शिलाई मशीन, सोनारकाम, मोबाईलवर टायपिंग यात तेच हात वापरले जातात. ज्या दिवशी काम जास्त, त्या दिवशी सराव कमी.
- बोटांची ताकद वाढवणारी स्प्रिंगची साधने ऑनलाइन मिळतात. नवशिक्याला त्यांची गरज नाही. शुमान यांचे यंत्र आठवा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

दुखू लागले तर लगेच थांबा आणि दोन-तीन दिवस हाताला विश्रांती द्या. पुन्हा सुरू करताना निम्म्या वेळेपासून सुरुवात करा. वेदनाशामक गोळी घेऊन सराव चालू ठेवू नका, कारण गोळी इशारा दाबते, ताण कमी करत नाही. कोणाकडूनही मनगट ओढून किंवा मोडून घेऊ नका.

विश्रांतीनंतरही आठवडाभरात आराम पडला नाही, सूज आली, मुंग्या राहिल्या, पकड कमजोर झाली किंवा बोट अडकू लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीची सोय आहे. दुखत नाही, पण वाजवताना एकच बोट वारंवार वळते, असे असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. जाताना गिटार सोबत न्या. तुम्ही कसे वाजवता हे पाहून निदान सोपे जाते.

हात गेला, संगीत राहिले

शुमान यांनी पियानोवादनाची कारकीर्द सोडली, पण संगीत सोडले नाही. ते रचना करू लागले. 1834 मध्ये त्यांनी संगीतविषयक नियतकालिक सुरू केले. 1840 मध्ये क्लाराशी लग्न केले आणि त्या एका वर्षात शंभराहून अधिक गीतांना चाली दिल्या. त्यांच्या पियानोच्या रचना क्लारा मैफलींतून वाजवत. पुढे क्लारा यांनाही हाताच्या दुखण्यामुळे काही काळ मैफली थांबवाव्या लागल्या. विश्रांती आणि उपचार घेऊन त्या पुन्हा वाजवू लागल्या.

शुमान यांची अखेरची वर्षे मानसिक आजारात गेली. 29 जुलै 1856 रोजी, वयाच्या 46 व्या वर्षी, बॉनजवळच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

1848 मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी पियानोच्या सोप्या रचनांचा संग्रह केला आणि त्याला जोडून शिकणाऱ्यांसाठी काही नियम लिहिले. त्यात बोटांचे व्यायाम मन लावून करायला सांगितले आहे. पण रोज तासन्‌तास यंत्रासारखी बोटे घोटण्यात वेळ घालवू नये, असेही बजावले आहे. ज्यांचा हात गेला, त्यांचा हा सल्ला आहे. आज संध्याकाळी गिटार हाती घ्याल तेव्हा घड्याळ समोर ठेवा, आणि हात थकायच्या आधी थांबा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. ती प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.